पद्मिनीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

चालती गाडी मध्येच बंद पडायची आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू व्हायची, हा रोग ज्यांच्या प्रीमियर पद्मिनीला आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. १०८९ सीसी इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर वगैरे तुम्हाला माहीतच आहे. किटही साधंच. डेल्कोतला (म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, आणि कंडेन्सर काढायचे, त्या जागी सेन्सरचा काळा ठोकळा, रोटरखाली चुंबकाची चकती, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मी घेतलं तेव्हा किंमत साडेतीन हजार. पॉइंट-कंडेन्सरचा जोड पुण्याच्या नाना पेठेत दोनशेच्या आत यायचा, म्हणजे हा खर्च मी सुखासुखी केलेला नाही.

केला तो कंडेन्सरमुळे. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि कॉइलमधला करंट झटकन तुटावा म्हणून ही बोटाच्या पेराएवढी डबी असते. ती बिघडली की थंड असताना ठणठणीत, तापली की मेली, की गाडी स्विच ऑफ केल्यासारखी गप्प. हल्ली मिळणारे कंडेन्सर तर खोक्यातूनच आजारी निघतात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर निदान मालाला गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सीही गेली, आता दुकानदार जे देईल ते घ्यायचं. त्यात आमच्या मेकॅनिकने कंडेन्सर सोडून सगळं बदललं: कार्ब्युरेटरचं किट, पंपाचा डायफ्राम, प्लग. प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली, कारण तोवर ती थंड झालेली असायची. अशा आजारात दहा मिनिटं लागणारा कुठलाही उपाय लागू पडतो, आणि बिलही त्याच उपायाचं येतं.

किट बसवलं आणि हिवाळाभर मी ज्याला-त्याला त्याचं कौतुक सांगत सुटलो. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट, सिग्नलला आयडलिंग एका लयीत, पॉइंट घासायला पॉलिश पेपर नको, फट मोजायला फीलर गेज नको. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग मे महिना. टाकी फुल्ल करून साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाट चढताना गाडी बंद. मागे ट्रकची रांग, वर ऊन. एका ट्रकवाल्याने जुना इलाज सांगितला: पंपावर ओलं फडकं टाका, पेट्रोलची वाफ झाली असेल. टाकलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू. सातारच्या अलीकडे पुन्हा तेच.

संशय किटवर, म्हणून विक्रेत्याला फोन केला. "साहेब, कॉइल तीन ओहमची आहे ना?" मीटर लावून आधीच मोजली होती, तीनच होती. (दीड ओहमची असेल तर करंट चार अँपिअरऐवजी आठ जातो आणि ठोकळा भाजतो. हे मापन किट मागवण्याआधी करा, कारण माहितीपत्रकात ते शेवटच्या ओळीत, मुंगीच्या अक्षरात आहे.) मग म्हणाला, "काढून कुरियर करा, चेक करतो. दोन्हीकडचं भाडं तुमचं." मी म्हटलं, वॉरंटी तुमची आणि भाडं माझं, हा कुठला हिशेब? त्यावर बराच वेळ जुंपली. ते सगळं इथे लिहीत नाही.

पण किट काढण्याआधी एक गोष्ट खटकली होती. कंडेन्सरच्या वेळी गाडी एका क्षणात मरायची. घाटात मात्र आधी ओढ कमी झाली, मग आचके, मग बंद. करंट असा जात नाही, पेट्रोल असं जातं. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा एअर फिल्टर काढून ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली. कार्ब्युरेटरच्या नळीत पेट्रोलची चिळकांडी उडायला हवी, ती नाही. म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी खालची वाटी कोरडी. मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं तर जोरात सुस्कारा. आधीच्या मालकाने पेट्रोलचोरीच्या भीतीने बाजारातलं कुलूपवालं झाकण बसवलं होतं आणि त्याला हवा आत घ्यायला भोकच नाही. पंप पेट्रोल ओढतो, टाकीत पोकळी होते, शेवटी पंप हरतो. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपते, आणि श्रेय ओल्या फडक्याला. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. गावात अर्ध्या टाकीवर हे कधी दिसलंच नसतं.

तर किट निर्दोष. पावसाळ्यातही एकदा कुरकुरलं नाही. तरीही चारच तारे, आणि पाचवा कापला तो एका एलईडीसाठी.

पॉइंट होते तेव्हा डेल्कोची टोपी काढून सेल्फ मारला की डोळ्यांनी दिसायचं, उघडझाप होतेय, ठिणगी पडतेय. हा ठोकळा सीलबंद. जिवंत आहे की गेला, काही कळत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीशेजारी पहिला प्रश्न एकच असतो: करंट की पेट्रोल? त्याचं उत्तर दोन रुपयांचा लाल दिवा देऊ शकला असता. तो असता तर खंबाटकीतच मी थेट टाकीकडे गेलो असतो. वर सूचना अशी की इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, ठोकळा तापतो. अहो, गाडी आपोआप बंद पडल्यावर माणूस चावी ऑन ठेवूनच बोनेट उघडतो ना! तिथे तर दिवा हवाच.

आता मी टेस्ट लॅम्प बाळगतो. एक टोक कॉइलच्या मायनसला, दुसरं बॉडीला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. लुकलुकला तर किट काम करतंय, पेट्रोलकडे वळा. तपासून झालं की काढून ठेवा, कायमचा जोडू नका. शिवाय जुनी पॉइंटची प्लेट डिकीत ठेवलीय. तुम्हीही मेकॅनिककडे सोडून येऊ नका, परत मागायला गेलात की ती हरवलेली असते.

एलईडीची सूचना विक्रेत्याला सविस्तर लिहून पाठवली, आकृतीसकट. अंगठा आला. परवा त्याच्या नव्या मालाचे फोटो पाहिले. ठोकळा आता निळा आहे, किंमत चारशेने वाढलीय, दिवा नाही.