मोटर वाइंडिंग एक नंबर, फक्त रविवारी कुलूप

पाचपैकी चार स्टार देतोय. एक रविवारचा कापला, त्याचं खाली सांगतोच. परतवाड्याहून चांदूर बाजारकडे निघालं की रोडला लागूनच टिनाच्या शेडमध्ये हे वाइंडिंगचं दुकान आहे, बोर्ड वगैरे काही नाही, बाहेर जळक्या मोटरी पडलेल्या दिसल्या की तेच समजा. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पिठाच्या चक्कीची मोटर, कूलरचा पंप, सगळं भरून देतात, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळून देतात. दुकानवाले काका ख्रिश्चन आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्ता विचारला की लोक "ते मिशनवाले काय?" असंच विचारतात आणि अर्ध्या लोकांच्या मनात पुढचा प्रश्न असतो की तिथं गेलं की पुस्तक बिस्तक हातात देतात का. नाही देत. बिल देतात, पक्कं.

आमच्याकडे आंब्या बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी काही दिवस बंद ठेवतात तो) तोडून संत्र्याला पाणी सुरू केलं होतं आणि रात्रपाळीच्या लाईनमध्ये तीनपैकी एक फेज गेला, मोटर नुसती घुं घुं करत राहिली आणि जळली. ज्याची संत्र्याची बाग आहे त्याला सांगायला नको की ताण तोडल्यावर पाणी थांबलं म्हणजे काय होतं, फुलोरा डोळ्यासमोर गळतो. वरून ही मोटर मागच्याच वर्षी दुसरीकडे भरून घेतली होती, पूर्ण तांब्याचे पैसे मोजून.

काकांनी मोटर खोलली, वाइंडिंगचा वरचा एक वेढा कापला, ब्लेडनं तारेचं कव्हर सोललं आणि तार उजेडात धरली. पांढरी. मग शेजारच्या मोटरीतली तार तशीच सोलून बाजूला धरली, ती लाल. "पाहा भाऊ, तुमची ॲल्युमिनियमची हाय." तेवढीच करंट न्यायची तर ॲल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा बरीच जाड लागते आणि स्टेटरच्या (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचेत तेवढी जागाच नसते, म्हणून बारीकच कोंबतात, ती तापत राहते आणि लाईननं जरा दगा दिला की गेली. हे सगळं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं, गिऱ्हाईक मागं थांबलेलं असताना.

माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं काका, मला लिहून द्या की अमक्यानं फसवलं, मी जाऊन भांडतो त्याच्याशी. तर म्हणे, "तार कोणती निघाली ते लिहून देतो. कोणं भरली ते म्या पाह्यलं नाही, ते कसं लिहू?" आणि खरंच तसंच लिहून दिलं, तारीख टाकून, सही करून, त्या पांढऱ्या तारेचा बोटभर तुकडा कागदाला स्टेपल करून. त्या दुकानदाराबद्दल चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द नाही. मला तेव्हा राग आला होता, इतकं काय सांभाळून बोलायचं. पण त्या कागदानंच नंतर काम केलं, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतंच.

आता मेन गोष्ट, जळकी तार. आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नसतं की पाच एचपीच्या मोटरीतून दोन-तीन किलो तांबं सहज निघतं आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे. ते गुपचूप दुकानातच राहतं, कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. इथं माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाची तार काट्यावर ठेवली, काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे, आणि विचारलं की घरी नेता का बिलातून कापू. तो माणूस गोंधळला, त्याला वाटलं वरून काही पैसे मागतात की काय.

मी विचारलंच, काका इतकं कोण करतं? तर म्हणे आमच्या शास्त्रात लिहिलंय की थैलीत दोन वजनं ठेवू नको, एक घ्यायचं अन् एक द्यायचं. बायबलच्या जुन्या करारात अनुवाद म्हणून भाग आहे त्यात पंचविसाव्या अध्यायात आहे म्हणे. मग स्वतःच हसले, "चर्चमध्ये आम्ही रविवारी दोन तास बसतो, काट्यापाशी सहा दिवस. येशूच्या मागं जायचं तं मंग इथूनच जा लागन नं." तो पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, तोही तंबू बनवून पोट भरायचा, करिंथ नावाच्या शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे राहून त्यांच्यासोबत तेच काम करायचा आणि तेच करत उपदेशही करायचा, कोणावर भार नको म्हणून. हे सगळं बोलताना हात कॉइल गुंडाळतच होते, वेढे मोजायचे थांबले नाहीत.

आमचं घर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकत नाही. त्यामुळे मला हे काही परकं वाटलं नाही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. शाळेत ज्यांच्या कविता पाठ केल्या ते ना. वा. टिळक पण आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका साहेबानं त्यांना बायबल दिलं, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, पण 1917 मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला न घेतलेला दोघांनाही जागा. काकांना म्हटलं तर म्हणे हो, त्यांचे अभंग आम्ही चर्चमध्ये गातो, पेटी-तबल्यावर. मला वाटतं धर्मांतर धर्मांतर म्हणून जी ओरड होते तिच्यात असल्या दुकानांकडे कोणाचं लक्षच जात नाही, इथं तर उलट गिऱ्हाइकालाच खोदून खोदून विचारावं लागतं तेव्हा माणूस बोलतो.

कामाला पोरं आहेत, एक मेळघाटातला कोरकू, बाकीचे इथलेच, हिंदू पण मुसलमान पण. मोटर खोलली की आधी रजिस्टरमध्ये तारेचा गेज (जाडी), वेढे, पिच (कॉइल किती खाचांवर पसरली ते) सगळं पोरांकडून लिहून घेतात, काम लपवून ठेवत नाहीत, शिकून उद्या समोर दुकान टाकलं तरी चालेल म्हणतात. मजुरी रोजची रोज संध्याकाळी शटर पडायच्या आधी, गिऱ्हाइकाकडून पैसे आलेले असोत नसोत. मी मुद्दाम त्या कोरकू पोराला बाजूला विचारलं, काऊन रे, तुले चर्चमध्ये नेतात का? म्हणे क्रिसमसला केक खायला गेलो होतो, मस्त होता.

आता तक्रारी. रेट बाजारापेक्षा थोडे जास्तच आहेत, हजारेक रुपये वर जातात, तांबं खरं आहे म्हणून मी बोललो नाही. घाई चालत नाही. मोनोब्लॉक असली तर वार्निश पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू देत नाहीत, सबमर्सिबल टाकीत बुडवून चालवून ॲम्पियर दाखवतात आणि मगच उचलू देतात. फोन उचलत नाहीत, हात तारेत असतात म्हणे, पण मग नंबर देता कशाला. आणि रिलेवर, म्हणजे गडबड झाली की मोटर बंद करणाऱ्या स्टार्टरमधल्या भागावर, लेक्चर ऐकावं लागतं, प्रत्येकाला, कारण बहुतेक स्टार्टरमध्ये कोण्यातरी वायरमननं रिले डायरेक्ट करून ठेवलेला असतो, फेज गेला तरी मोटर बंद पडत नाही आणि जळते. लेक्चर बरोबर आहे पण लांब आहे.

आणि रविवार. माझी मोटर शनिवारी रात्री जळली. रविवारी दुपारी घरी जाऊन हातापाया पडलो, बाग दाखवतो चला म्हटलं, नाही म्हणजे नाही. सोमवारी सकाळी या. ठीक आहे, देवाचा दिवस, मान्य. पण मग सोमवारी कळलं की त्याच रविवारी संध्याकाळी काकांनी पलीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईचा बंद पडलेला बोअर चालू करून दिला, फुकट. मी सरळ विचारलं, तिच्यासाठी रविवार नव्हता का? तर म्हणे, "तिच्या घरी प्याले पाणी नव्हतं भाऊ. येशूनंही शब्बाथच्या, म्हंजे विश्रांतीच्या, दिवशी दुखणेकऱ्याले बरं केलं होतं. तुमचं झाड एक दिवस थांबते." झाड थांबतं की नाही ते संत्रेवाल्याला विचारा! मी अजूनही म्हणतो की सीझनमध्ये निदान एक पोरगं दुकानात बसवावं, मोटर खोलून तरी ठेवता येईल. पण पोरांनाही सुट्टी द्यायची असं त्यांचं आहे, ते काही बदलत नाहीत. म्हणून एक स्टार कमी.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर ट्रॅक्टरांची लाईन लागते. पेमेंट फोनवरून चालतं. उधारीही देतात, वहीत तुमच्याच हातानं लिहायला लावतात. आणि मोटरसोबत स्टार्टर पण न्याच, नाही नेला तर मोटर ठेवून घेतात आणि तुम्हाला स्टार्टर आणायला परत शेतात पाठवतात.