बोटातल्या थेंबावर भरवसा किती? पीएचसीतलं हिमोग्लोबिन मशीन

स्ट्रिपवर चालणारं डिजिटल हिमोग्लोबिन मशीन पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, येतं ते मुख्यतः गरोदर बायांच्या तपासणीसाठी. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाचा, म्हणजे २०१८ नंतरचा, भर त्यावरच आहे. इथे मात्र ते पारखलंय छातीत दुखतंय, धाप लागतेय म्हणून आलेल्या पेशंटसाठी.

साहलीच्या नळीपेक्षा, म्हणजे रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या पद्धतीपेक्षा, ते सरसच. साहलीला २० मायक्रोलिटर रक्त, ॲसिडमध्ये दहा मिनिटं, मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबानं टाकत रंग जुळवणं. बल्बच्या उजेडात तो रंग दोघांना दोन तऱ्हेचा दिसतो. मशीनचा आकडा ईसीजीची पट्टी निघेपर्यंत हातात असतो.

या आकड्याचं मोल ॲटॅकच्या पेशंटमध्ये फार. हृदयाचा स्नायू विसाव्यातही आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. रक्त कमी असलं की आणखी काढायला फारसं उरत नाही, मग ठोके वाढतात. ठोके वाढले की हृदयाच्या स्वतःच्या धमन्या भरायला वेळ कमी मिळतो. त्यामुळे नवी गुठळी नसतानाही ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं रक्तातलं चिन्ह) वाढू शकतं. पल्स ऑक्सिमीटर इथे हमखास फसवतो: हिमोग्लोबिन ६ ग्रॅम असलं तरी तो ऑक्सिजन ९८ टक्के दाखवेल, कारण जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती भरलंय एवढंच त्याला कळतं.

आता उणिवा. बोट दाबून दाबून थेंब काढला की पेशींच्या अधेमधे असलेलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा खोटा खाली येतो. स्पिरिट वाळू द्या, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. बीपी पडलेल्या, हातपाय गार पडलेल्या पेशंटच्या बोटावर तर विसंबूच नका. शिरेतून ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घेतलेल्या रक्ताचा थेंब वापरा, मात्र मशीनच्या पुस्तिकेत शिरेचं रक्त चालतं का ते आधी पाहा. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका. मे महिन्यात उलट्या होऊन सुकलेल्या माणसाचा आकडा फुगलेला असतो. पाणी भरल्यावर तोच उतरतो.

गडचिरोली, चंद्रपूरकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरून चालत नाही. अशा पेशंटचं नेहमीचंच हिमोग्लोबिन ७–८ असू शकतं आणि छातीतलं दुखणं फुप्फुसाचंही असतं. सिकलसेल तपासणीचं लाल किंवा पिवळं कार्ड मागा. घाईनं रक्त चढवून आकडा १० च्या वर नेला तर रक्त घट्ट होऊन उलटच होतं.

आकडा कमी दिसला म्हणून ॲस्पिरिन आपोआप रोखायची नाही. आधी काळी शौच, मूळव्याध, पाळीचा जास्त रक्तस्राव विचारा. चालू रक्तस्राव असेल तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वगैरे मोठ्या डॉक्टरांशी बोलूनच. १० च्या खाली असेल तर रेफर करताना फोनवरच सांगा, म्हणजे अँजिओग्राफीसोबत रक्तपेढी असलेलं ठिकाण ठरवता येतं. किती रक्त द्यायचं यावर २०२३ ची मिंट चाचणी आहे, ॲटॅक आणि कमी हिमोग्लोबिन असलेल्या ३,५०४ पेशंटची: हिमोग्लोबिन ७–८ पर्यंत उतरेतो रक्त न दिलेल्या गटात ३० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक १६.९ टक्के, १० च्या वर ठेवलेल्यांत १४.५. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, पण हृदयवाल्यांचा कल आता जास्त रक्ताकडे झुकतोय. एका पिशवीनं साधारण १ ग्रॅम वाढतं. हृदय कमजोर असेल तर एक पिशवी ३–४ तासांत, पिशव्या एकापाठोपाठ नाहीत. नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं.

मशीन घ्याच, पण स्ट्रिप्सचा हिशेब करून. डबी उघडी राहिली की ओल धरते; बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि पत्र्याच्या उपकेंद्रातलं कपाट उन्हाळ्यात ती दुपारीच ओलांडतं. मशीनला त्या डबीतल्या स्ट्रिप्सची ओळख देणारी कोड चिप डबीसोबत बदलायची असते, हे तर सगळ्यात जास्त विसरलं जातं.