सुप्रीम्स की रॉनेट्स?

आकडे पाहिले तर सामना एकतर्फी आहे. डेट्रॉइटच्या सुप्रीम्स या गायिकांच्या गटाची 1964 ते 1969 मध्ये तब्बल 12 गाणी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिली आली. न्यूयॉर्कच्या रॉनेट्स या तशाच गटाचं सर्वांत गाजलेलं ‘बी माय बेबी’ 1963 मध्ये दुसऱ्या क्रमांकावरच थांबलं.

पण त्या गाण्याची सुरुवात कान देऊन ऐका. ड्रमवादक हॅल ब्लेनचा बास ड्रम (खर्जातला मोठा ड्रम) चारपैकी पहिल्या मात्रेवर, दुसरीच्या अर्ध्यावर आणि तिसरीवर पडतो. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, थेट चौथीवर. एरवी स्नेअर दुसरीवरही असतो. तो गाळल्यामुळे जी पोकळी राहते, ती पुढचा ठोका येईपर्यंत श्वास रोखून धरायला लावते. हा ठेका नंतर असंख्य गाण्यांनी उचलला. गाण्याचा निर्माता फिल स्पेक्टर एकच सूर अनेक गिटार-पियानोंवर एकदम वाजवून घेई आणि वर प्रतिध्वनीचा थर चढवी. एवढ्या गर्दीत बारीक आवाज बुडालाच असता. रॉनेट्सची मुख्य गायिका रॉनी हिचा थरथरता, धारदार आवाज मात्र आरपार येतो.

सुप्रीम्सच्या रेकॉर्ड कंपनीची, मोटाउनची रीत उलटी, मोकळी. सुप्रीम्सच्या ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’मध्ये फळ्यांवर आपटलेल्या पायांचा ठेका आहे, त्यावर मुख्य गायिका डायना रॉसचा नेहमीपेक्षा खालच्या पट्टीतला आवाज. शब्द न् शब्द कळतो.

दोन्ही गटांची दुखरी नस एकच: सूत्रं दुसऱ्यांच्या हाती. 1967 मध्ये संस्थापक सदस्य फ्लोरेन्स बॅलार्डला सुप्रीम्समधून काढलं. त्याच वर्षी रॉनेट्स फुटल्या.

कारकीर्द सुप्रीम्सची मोठी, निर्विवाद. एकाच गाण्याचा ठसा विचाराल तर आमचं मत रॉनेट्सना.