कॅल्शियमच्या नावाखाली मीठ: माझ्या प्रवाळांच्या टाकीची फसवणूक

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली सहा वर्षे घरात 75 गॅलनची, म्हणजे साधारण 284 लीटरची, खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी सांभाळतो. खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात प्रत्यक्ष पाणी 250 लीटरच्या आसपास असते. चुन्याचा कठीण सांगाडा बांधणारी प्रवाळे पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलत राहतात. समुद्रात त्याने काही फरक पडत नाही, पण घरातल्या टाकीत ती भरपाई आपल्याला रोज मोजून करावी लागते. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लीटरमागे 410 ते 420 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1,300 च्या जवळपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप, सुमारे 7 डीकेएच (हे तिचे एकक) असते. माझी टाकी कित्येक महिने 430, 1,320 आणि 8 या आकड्यांवर स्थिर होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात एका तरुण गृहस्थांशी ओळख झाली. आपण मत्स्यालयाच्या सामानाचा व्यवसाय आवरता घेत आहोत आणि उरलेला माल ओळखीच्या माणसांना पडत्या भावात देत आहोत, असे त्यांनी सांगितले. मी कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम यांच्या तीन मोठ्या पिशव्या प्रत्येकी 45 डॉलरला घेतल्या. सोबत प्रयोगशाळेच्या तपासणीचा छापील अहवालही मिळाला. त्यावर ना तारीख होती ना बॅच क्रमांक, हे मी फार उशिरा पाहिले.

पुढच्या महिनाभरात पाणी तपासण्याच्या माझ्या किटवर कॅल्शियम 430 वरून 350 वर आले, अल्कलिनिटी मात्र 8 वरून हलली नाही. खरे तर एवढ्यावरूनच मी ओळखायला हवे होते. प्रवाळे हे दोन घटक ठरलेल्या प्रमाणात वापरतात: अल्कलिनिटी 1 डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम सुमारे 7 मिलिग्रॅमने उतरते. माझ्या टाकीत रोज अर्धा डीकेएच खर्च होत असे, म्हणजे कॅल्शियमचा खर्च दिवसाला साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. एका बाजूची भरपाई पुरेशी पडत असेल आणि दुसरी बाजू सतत घसरत असेल, तर दोष प्रवाळांत नसून बहुधा दुसऱ्या बाजूच्या मालात किंवा मोजमापात असतो. मी मोजमापावर संशय घेतला, कारण तो घ्यायला मला शिकवले गेले.

त्या गृहस्थांनी पाण्याचा नमुना घरी मागवून घेतला आणि माझ्यासमोर तपासून 425 हा आकडा सांगितला. वर म्हणाले, "काका, तुमचं किट जुनं झालंय, उगाच काळजी करू नका. फक्त डोस दुप्पट करा, कोरल वाढायला लागली की जास्त खातात." कॅल्शियम 425 असेल तर डोस दुप्पट कशासाठी, हा साधा प्रश्न मला त्या क्षणी सुचला नाही, याची आजही लाज वाटते. आपल्या भाषेत, आपुलकीने बोलणाऱ्या माणसापुढे मी स्वतःच्या किटवर अविश्वास दाखवला आणि त्याच्या किटवर विश्वास ठेवला; ते किट कोणते होते, हेही विचारले नाही.

दुप्पट डोसच्या पाच आठवड्यांत रिफ्रॅक्टोमीटरवरची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, 35 वरून 37 पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात इतके भाग क्षार) जवळ गेली. माँटिपोरा या प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे त्यातले फुलासारखे उमलणारे छोटे जीव, उमलेनासे झाले आणि ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोके फिकी पडली. काचेवर जांभळे कोरलाइन शैवाल येणे थांबले होते, त्याचा तर मला आनंदच झाला होता, कारण दर आठवड्याला ते खरवडण्याचा त्रास वाचत होता. त्या शैवालालाही कॅल्शियम लागते.

ऑगस्टमध्ये मी दुसरीकडून संदर्भ-द्रावण, म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले द्रावण, आणले. माझ्या जुन्या किटने त्याचे मोजमाप अचूक दाखवले. मग कॅल्शियमच्या पिशवीत जे असायला हवे होते ते कॅल्शियम क्लोराइड, चीज आणि लोणची करण्यासाठी मिळणाऱ्या खाद्य दर्जाचे, आणले, आणि दोन बाटल्यांत पाव-पाव लीटर पाणी घेऊन एकीत 100 ग्रॅम ते, तर दुसरीत 100 ग्रॅम त्या पिशवीतले विरघळवले. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे पहिली बाटली चांगलीच गरम झाली; दुसरी जेमतेम कोमट झाली. साधे मीठ विरघळताना पाणी तापत नाही, उलट किंचित थंडावते. रात्रभर दोन बशांत दोन्ही पदार्थ उघडे ठेवले, तेव्हा पहिल्या बशीत सकाळी पाणी सुटले होते आणि दुसरीतला बहुतेक माल कोरडाच होता. टाकीचे पाणी प्रयोगशाळेत पाठवल्यावर कॅल्शियम 338 आणि सोडियम नेहमीपेक्षा बरेच जास्त निघाले. पिशवीत थोडे कॅल्शियम क्लोराइड आणि बाकी मीठ होते.

मॅग्नेशियमची पिशवी खरी निघाली. अल्कलिनिटीची पिशवी म्हणजे निव्वळ खायचा सोडा होता. टाकीसाठी तो चालतो, त्यामुळे तिथे फसवणूक मालाची नव्हती, भावाची होती.

सुधारणा करताना घाई केली नाही. खारे पाणी थोडे थोडे काढून आरओचे पाणी घालत क्षारता आठ दिवसांत 35 वर आणली, आणि नंतर कॅल्शियम दिवसाला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वाढू दिले नाही. 80 मिलिग्रॅमची तूट भरायला 250 लीटरला जेमतेम 75 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरले. ॲक्रोपोराच्या दोन वसाहती मात्र गेल्या.

पैसे परत मिळाले नाहीत. फोनवरून ते "मित्राला पाठवलेले" म्हणून दिले होते, आणि अशा देवघेवीला खरेदीचे संरक्षण नसते. ती पद्धतही त्यांनीच सुचवली होती, शुल्क वाचेल म्हणून. मी बाटल्यांची छायाचित्रे पाठवल्यावर "काका, साठवणुकीत ओल लागली असेल" एवढे एकच उत्तर आले. ओल लागलेले कॅल्शियम क्लोराइड चिकट होते, त्याचे मीठ होत नाही, असे मी कळवले. त्यानंतर त्यांनी माझा क्रमांक ब्लॉक केला. त्यांच्या पिशव्या अजून विकल्या जातात असे कानावर येते, म्हणून हे लिहिले. तुम्हाला कोणी कॅल्शियम क्लोराइड म्हणून असा सुटा माल देत असेल, तर पैसे देण्याआधी 100 ग्रॅम त्यांच्यासमोरच पाव लीटर पाण्यात टाका आणि बाटलीला हात लावून पाहा.