तारा कोण घडू देत नाही: चुंबक की खळबळ?

आकाशगंगेतले थंड वायुमेघ नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडले, तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मावेत. प्रत्यक्षात जेमतेम एक-दोन सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत जातं. मग ब्रेक कोण लावतं?

जुना पक्ष चुंबकीय क्षेत्राचा. १९५६ साली मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी तो मांडला. दादरच्या पुलावर संध्याकाळची गर्दी आठवा. काही जण कठडा घट्ट धरून उभे, बाकीचे त्यांना घासत, अडखळत पुढे सरकतात. मेघात कठडा म्हणजे क्षेत्ररेषा, त्यांना चिकटलेले ते आयन (विद्युतभारित कण), आणि घासत जाणारे ते उदासीन, म्हणजे भार नसलेले, रेणू. अशा सरकण्याने मेघाचा गाभा, जिथे तारा जन्मतो, घट्ट व्हायला लाखो ते कोटभर वर्षं लागतात.

दुसरा पक्ष खळबळीचा: वायूचे स्वनातीत (ध्वनीहून वेगवान) लोंढे एकमेकांवर आदळतात, कुठे दाटी होते, बाकी मेघ उधळतो. इथे सगळं पटकन उरकतं, साधारण दहा लाख वर्षांत.

मोजमाप काय म्हणतं? झीमन परिणामावरून (चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातल्या रेषा फुटतात, त्यावरून क्षेत्र मोजतात) दिसतं की विरळ वायूत क्षेत्र वरचढ, पण दाट गाभ्यांत गुरुत्वाकर्षण जिंकतं. म्हणजे चुंबक एकटा मेघ पेलू शकत नाही. माझा कल खळबळीकडे, पण एका बाबतीत चुंबकाला पर्याय नाही: गाभ्याची गिरकी तोच कमी करतो. कधीकधी जरा जास्तच. साध्या गणितात तर ग्रह जिच्यातून घडतात ती फिरती तबकडीच तयार होत नाही!

हिवाळ्यात मरीन ड्राइव्हवरून मृग दिसला, तर त्याच्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखालच्या तलवारीकडे बघा; तिथल्या तेजोमेघात तारे जन्मताहेत. तिथे हे भांडण आजही चालू आहे.