पिस्टन पाहिल्याशिवाय बोअर न करणारे दुकान: शिवाजी उद्यमनगरातील इंजिनकामाचा अनुभव

महिंद्राच्या जुन्या फोर-बाय-फोर जीपचे डीआय, म्हणजे सिलिंडरात थेट डिझेल फवारणारे, इंजिन मी यंदा घरच्या शेडमध्ये उतरवले, पूर्ण खोलले आणि पुन्हा बांधले. त्यातले यंत्रावरचे सगळे काम, म्हणजे बोअर करणे (सिलिंडर आतून कापून मापात आणणे) वगैरे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या मशीन शॉपने केले. हे परीक्षण त्या कामाचे आहे. मात्र घरी काय करता येते आणि दुकानावर काय सोपवावे लागते, हे आधी सांगितल्याशिवाय त्या कामाचे मोल कळणार नाही.

इंजिन बाहेर काढण्यासाठी मोठ्या गॅरेजची गरज नसते. विहिरीतली मोटार काढायला आमच्याकडे तीन पायांची लोखंडी घोडी आणि एक टनाची चेन पुली वापरतात, तेवढी मला पुरली. बॅटरीची वायर काढून पाणी आणि ऑइल सोडावे. मग बॉनेट, रेडिएटर, पुढची जाळी, सायलेन्सरचा पाइप, स्टार्टर आणि डिझेलच्या नळ्या या क्रमाने सुटे करत जावे. नळ्यांची तोंडे लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधावीत, कारण डिझेल पंपात गेलेला धुळीचा कण पुढे महागात पडतो. खरी जपणूक लागते ती गिअरबॉक्सपासून इंजिन वेगळे करताना. गिअरबॉक्सखाली जॅक लावून इंजिन अगदी सरळ रेषेत पुढे ओढावे लागते. ते तिरके लोंबकळले तर त्याचा सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि क्लच प्लेटवर येतो. दोनशे किलोंहून जड असलेला हा ऐवज साखळीवर असताना त्याच्याखाली हात किंवा पाय जाऊ नये, एवढा नियम मी आणि माझ्या मदतनीसाने कटाक्षाने पाळला.

हे इंजिन २५२३ सीसीचे आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. मापे अशी इंचात नेमकी बसतात, कारण या इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे. महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टरसाठी हात मिळवला होता तो याच कंपनीशी. म्हणूनच ज्या गावात ट्रॅक्टर आहेत, त्या गावात या इंजिनाची नस ओळखणारा माणूस सापडतो. कोल्हापूरला तर ऊसशेतीची ऑइल इंजिने आणि फाउंड्र्या यांची जुनी परंपरा आहे.

माझा आधीचा अनुभव मात्र वाईट होता. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातील एका वर्कशॉपने हेच इंजिन नवे पिस्टन हाती येण्याआधीच, म्हणजे त्यांचे नेमके माप न घेताच, बोअर करून ठेवले होते. दोन वर्षांच्या आत जीप निळा धूर सोडू लागली आणि ऑइल पिऊ लागली. या वेळी ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) टेम्पोत घालून उद्यमनगरात नेला, तेव्हा मिस्त्रींचा पहिलाच प्रश्न होता, "पिस्टन आणल्यात का? पिस्टन बघितल्याबिगर मी बोअरला हात लावत न्हाई." त्या एका वाक्याने माझा निम्मा निर्णय झाला.

त्यांनी आधी काहीही कापले नाही, फक्त मोजले. बोअर गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, शिवाय क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) समांतर आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी लावला आणि आकडे ब्लॉकवरच खडूने लिहिले. झीज सर्वांत जास्त पिस्टनच्या वरच्या रिंगच्या जागी होती. तिथे ठिणगीशिवाय पेट घेणाऱ्या डिझेलचा दाब सर्वाधिक असतो आणि ऑइल सर्वांत कमी पोहोचते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. तिसरा सिलिंडर अंडाकृती झाला होता. त्यांनी मला गेजचा काटा हलताना दाखवला आणि मगच लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी) बदलण्याचा सल्ला दिला. नवे लायनर दाबून बसवल्यावर प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्यावर सिलिंडरचा क्रमांक घातला आणि त्या त्या पिस्टनप्रमाणे बोअर आणि होनिंग (दगडाने शेवटची घासाई) केले. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उजेडात धरल्यावर चारही सिलिंडरमध्ये सारख्या दिसत होत्या. या रेघांमध्ये ऑइल टिकते आणि रिंगा नीट बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसली की काम छान झाले, हा समज चुकीचा आहे.

क्रँकचे काम मला सर्वांत जास्त आवडले. जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड करायचे ठरले. जर्नलच्या कोपऱ्यात जी गोलाई असते ती त्यांनी ग्राइंडिंग व्हीलला तसाच आकार देऊन कायम राखली. आधीच्या वर्कशॉपने हा कोपरा धारदार सोडला होता, हे मला त्यांच्याकडेच कळले. त्यांनी मला नखाने ती कडा चाचपायला लावली. क्रँक तुटतो तो बहुतेक वेळा अशाच कोपऱ्यापासून सुरू झालेल्या भेगेने. ग्राइंडिंगनंतर ऑइलच्या भोकांच्या कडाही हलक्या हाताने मारून दिल्या, नाहीतर नव्या बेअरिंगवर पहिल्याच फेऱ्यात ओरखडे पडले असते.

हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, बाबतीत थोडी निराशा झाली. पाण्याच्या दाबाची चाचणी, व्हॉल्व्ह गाइड, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कटिंग आणि फेसिंग हे सगळे झाले, परंतु घरी आणून पोर्टमध्ये रॉकेल ओतले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाझर दिसला. परत नेल्यावर कोणतीही हुज्जत न घालता त्यांनी सीट पुन्हा कापली, व्हॉल्व्ह घासून बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. कबूल केलेल्या दिवसापेक्षा काम चार दिवस उशिरा मिळाले, हीदेखील तक्रार नोंदवायला हवी. तसेच ब्लॉक त्यांनी धुऊन दिला होता, पण तो उघडाच टेम्पोत चढवला. येताना मोठी प्लास्टिकची पिशवी आपणच न्यावी. घरी मी तो साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा धुतला, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मार्गांचे) प्लग काढून आतून ब्रश फिरवला आणि पांढऱ्या फडक्यावर राखाडी डाग उमटेनासा होईपर्यंत बोअर पुसले. होनिंगची पूड आत राहिली तर नव्या रिंगा ती स्वतःच घासून संपवते.

पंप आणि नोझल मी घरी उघडले नाहीत, आणि कोणीही उघडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ते कॅलिब्रेशनच्या दुकानातच द्यावेत. पंप काढण्याआधी फ्लँजवर आणि गिअरवर पंचने खूण करून घ्यावी, म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) परत जुळवताना अंदाज बांधावा लागत नाही.

बांधणी घरीच केली. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने तपासली, बेअरिंगना भरपूर ऑइल लावले आणि हेडचे बोल्ट मधून कडेकडे तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळले. इंजिन जागेवर बसवल्यावर स्टॉप केबल ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, गेजवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारला. मग नळ्यांतली हवा काढली आणि चौथ्या प्रयत्नात इंजिनाने सूर धरला.

खर्चाचे सांगायचे तर यंत्रकामाचे बिल सुट्या भागांच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी झाले, आणि त्यात बोअर, क्रँक, हेड अशी प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहिलेली होती. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलले, हेड पुन्हा आवळले आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासले. सध्या धूर नाही, ऑइलची पातळी हललेली नाही. ब्लॉकवरच्या खडूच्या आकड्यांचा फोटो मी जीपच्या कागदपत्रांसोबत लावून ठेवला आहे.