एका घाण्याच्या दोन बिअर: 5 लिटरचा डेमीजॉन

बिअरचा एकच घाणा वाटून दोन यीस्ट ताडून पाहायची असतील, तर अरुंद तोंडाचा, रबरी बुचाचा हा काचेचा डेमीजॉन, म्हणजे बिअर आंबवायची बरणी, उत्तम. काचेवर चरे पडत नाहीत, वास धरत नाही. पण तो जोडीनंच घ्यावा. 15 लिटर बादलीत आणि 4 लिटर यात, अशी वाटणी तुलनेला निरुपयोगी ठरते. आंबताना यीस्ट उष्णता सोडतं. मोठ्या भांड्यात ती साठते, लहानातून लवकर निघून जाते. मग तापमानानं बदललेली चव यीस्टच्या नावावर जमा होते.

5 लिटरच्या भांड्यात वॉर्ट, म्हणजे न आंबलेला माल्टचा गोड रस, 4 लिटरच भरा. आधी मोजून पाणी ओता आणि बाहेरून चिकटपट्टीची खूण करा. गव्हाच्या बिअरला फेस फार, तिथे साडेतीन लिटर पुरे. सुरुवातीला एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) जाड नळी लावा. एअरलॉक फेसानं तुंबला की बूच उडतं.

खरी मेख ओतण्यात आहे. उकळीनंतर वरून पाणी घातलं असेल तर खूप ढवळा. ते आपणहून मिसळत नाही आणि दोन्हींची घनता वेगवेगळी भरते. एक डेमीजॉन खुणेपर्यंत, मग दुसरा, असं करू नका. थोडं याच्यात, थोडं त्याच्यात, असं तीन-चार फेऱ्यांत भरा, म्हणजे गाळ सारखा वाटला जातो. वॉर्ट आधी 20 अंशांपर्यंत गार हवं. गरम ओतलं तर काच तडकते.

यीस्टची 11.5 ग्रॅमची पुडी साधारण 20 लिटरची, म्हणून 4 लिटरला 2.3 ग्रॅम. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच.

खोडी दोन. पारदर्शक काचेतून उजेड शिरला की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घटकांपासून उग्र, कुबट वास तयार होतो. गडद कापड गुंडाळाच. आणि हॉप्सची पिशवी आत फुगली की गळ्यातून निघत नाही, तेव्हा हॉप्सच्या गोळ्या सुट्याच टाका. खांद्यावर वाळलेला फेस ब्रशनं सुटत नाही. सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवला की निघतो. भरलेला डेमीजॉन गळ्याच्या कडीला धरून उचलू नका, बुडाखाली हात हवा.

हायड्रोमीटरच्या (घनता मोजायचं उपकरण) एका नमुन्यात 100 मिलीलिटर जातात, म्हणून रोज मोजत बसू नका. बाटल्या भरताना मात्र दोन्हींत उरलेली बिअर वेगवेगळी मोजा आणि बुडबुड्यांसाठीची साखर त्या हिशेबानं, लिटरला साधारण 6 ग्रॅम घाला.